श्वासापासून अर्थापर्यंत : इंग्रजी विरामचिन्हांची वाटचाल

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत आज मुले इंग्रजी माध्यमातून शिकतात. शब्दसंग्रह, स्पेलिंग, काळ आणि प्रयोग यांवर पालक व शिक्षक बरीच मेहनत घेतात. विरामचिन्हांकडे मात्र ती मिठाप्रमाणे शेवटी चिमूटभर टाकावयाची वस्तू म्हणून पाहिले जाते. मुलांना सांगितले जाते, की स्वल्पविरामाला एक अंक मोजेपर्यंत थांबावे, अर्धविरामाला दोन आणि पूर्णविरामाला चार. मूल हा नियम प्रामाणिकपणे पाळते, जेथे श्वास घ्यावासा वाटतो तेथे स्वल्पविराम देते, आणि वही परत येते तेव्हा नेमके तेच चिन्ह लाल शाईने खोडलेले असते. वाचताना जो नियम योग्य, तो लिहिताना चुकीचा कसा ठरतो? याचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते. इंग्रजी विरामचिन्हे दोन वेगवेगळ्या युगांची अपत्ये आहेत. त्यांचा जन्म श्वासासाठी झाला आणि त्यांची नेमणूक पुढे अर्थाच्या सेवेसाठी झाली.

प्राचीन ग्रीक व रोमन ग्रंथ आज आपल्यापुढे ठेवले, तर ते वाचणे आपल्याला मोठे कष्टाचे जाईल. त्यांत अक्षरामागून अक्षर सलग येते. शब्द कोठे संपला आणि वाक्य कोठे सुरू झाले, हे सांगणारी खूण बहुधा नसते. ग्रंथ हा मुख्यतः मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी असे आणि वाचणारा आधी त्याची तयारी करून मगच श्रोत्यांसमोर उभा राही. इ. स. पूर्व २०० च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथील प्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख, बायझंटियमचा अ‍ॅरिस्टोफेनिस, याने या वाचकाच्या सोयीसाठी एक साधी पद्धत सुचवली असे परंपरा सांगते. ओळीच्या वर, मध्यभागी किंवा तळाशी एक ठिपका द्यावयाचा. ठिपक्याच्या उंचीवरून थांबण्याचा काळ ठरावयाचा. वक्तृत्वशास्त्रात वाक्याच्या लहान तुकड्याला ‘कोमा’, त्याहून मोठ्या तुकड्याला ‘कोलन’ आणि पूर्ण वाक्याला ‘पीरियड’ म्हणत. पुढे तुकड्यांची ही नावे त्या तुकड्यांच्या शेवटी येणाऱ्या चिन्हांनाच चिकटली. इंग्रजीतील ‘कॉमा’, ‘कोलन’ आणि ‘पीरियड’ हे शब्द म्हणजे त्या ग्रीक पाठशाळेची आजवर जपली गेलेली आठवण होय.

रोमन लोकांनी मात्र ही पद्धत मनावर घेतली नाही. लॅटिन ही त्यांची मातृभाषा. वाक्य कसे तोडावे हे सुशिक्षिताला कळलेच पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. ही परिस्थिती बदलण्यास ख्रिस्ती धर्माचा मोठा हातभार लागला, कारण येथे एका ग्रंथाच्या शब्दावर अवघ्या समाजाची श्रद्धा उभी होती. भाषणातील विराम चुकला तर फार तर रसभंग होतो. पवित्र ग्रंथातील विराम चुकला तर सिद्धान्तच बदलण्याचा संभव असतो.

संत ऑगस्टिन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहावयास घेतलेल्या ‘ख्रिस्ती शिकवणुकीविषयी’ या ग्रंथात नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच वाक्यात शब्द परमेश्वराजवळ होता आणि शब्द परमेश्वर होता, अशी दोन विधाने येतात. काही पाखंडी वाचक दुसऱ्या विधानाच्या मध्येच विराम घेत आणि ‘शब्द’ हे पद पुढच्या वाक्यात ढकलून देत. त्यामुळे ‘परमेश्वर होता’ एवढेच उरे आणि शब्द स्वतः परमेश्वर आहे ही कबुली टाळली जाई. अक्षर एकही बदलले नाही, तरी प्रभू येशूचे देवत्व वाक्यातून वगळले गेले! ऑगस्टिन यांनी यावर दिलेला नियम असा : जेथे विरामामुळे अर्थ संदिग्ध होतो, तेथे आधी श्रद्धेचा नियम पाहावा, मग मागचा-पुढचा संदर्भ पाहावा, दोहोंनीही निर्णय होत नसेल, तर वाचकाने आपल्या विवेकाने विराम घ्यावा. विरामचिन्ह म्हणजे अर्थाविषयी घेतलेला निर्णय, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे सांगणारे ते पहिल्या काही विचारवंतांपैकी एक होत.

त्यांचे समकालीन संत जेरोम यांनी हाच प्रश्न भाषांतरकाराच्या बाजूने सोडवला. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर करताना त्यांनी मजकूर सलग न लिहिता अर्थाच्या तुकड्यांनुसार नव्या ओळीवर घेतला. प्रस्तावनेत त्यांनी खुलासा केला, की हे पाहून कोणी त्याला पद्य समजू नये. डेमॉस्थिनिस व सिसेरो यांच्या गद्य ग्रंथांच्या प्रतींत ही रीत आढळते आणि ती वाचकाच्या सोयीसाठी आपण स्वीकारली आहे. येथे चिन्हे नव्हती. कोरी जागाच विरामाचे काम करीत होती.

यापुढील पाऊल आम्हांला विशेष मननीय वाटते, कारण ते ज्यांनी टाकले त्यांची स्थिती आपल्या मुलांसारखी होती. आयर्लंडचे मठवासी रोमन साम्राज्याच्या कक्षेबाहेरचे. लॅटिन त्यांच्या घरात, बाजारात, शेतात कोणी बोलत नव्हते. ती त्यांना पुस्तकातूनच भेटली. जी भाषा कानाने येते तिच्यात शब्द आपोआप सुटे होतात. जी डोळ्यांनी येते तिच्यात ते कोणीतरी सुटे करून द्यावे लागतात. म्हणून सातव्या-आठव्या शतकांत आयरिश लेखनिकांनी शब्दाशब्दांमध्ये जागा सोडावयास सुरुवात केली आणि विरामाच्या खुणा अधिक ठळक व नेमक्या केल्या. त्यांच्याकडून ही रीत शेजारच्या इंग्लंडमधील मठांत गेली आणि तेथून युरोपभर पसरली. आज आपण जी कोरी जागा गृहीतच धरतो, ती परकी भाषा शिकणाऱ्यांची जगाला मिळालेली देणगी आहे. इंग्रजी परकी म्हणून तिची चिन्हे आपल्याला जमत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ही व्यवस्था परक्यांच्या गरजेतूनच फुलली.

इंग्लंडमधील यॉर्क शहरी शिकलेला अल्क्विन हा विद्वान सम्राट शार्लमेन याच्या दरबारी गेला आणि इ. स. ७९६ मध्ये तूर येथील संत मार्टिनच्या मठाचा अधिपती झाला. सम्राटाने इ. स. ७८९ च्या आपल्या आज्ञापत्रात धर्मग्रंथ काळजीपूर्वक शुद्ध करून घेण्यास सांगितले होते, कारण लोक देवाची चांगली प्रार्थना करू इच्छितात, परंतु अशुद्ध ग्रंथांमुळे ती वाईट होते. अल्क्विनने सम्राटाला लिहिलेल्या पत्रात लेखनिकांच्या अडाणीपणामुळे विरामचिन्हांची परवड झाल्याची तक्रार केली आहे. मठाच्या लेखनिकांनी बिंदू योग्य क्रमाने द्यावेत, म्हणजे चर्चमध्ये वाचणारा बांधव चुकीचे वाचणार नाही किंवा अचानक अडखळून गप्प होणार नाही, असा त्याचा आग्रह होता. याच काळात प्रश्नचिन्हाचा पूर्वज प्रथम दिसतो : बिंदूच्या वर उजवीकडे चढत जाणारी नागमोडी रेघ. प्रश्न विचारताना आवाज कसा चढवावा, याची ती खूण. उपासनेतील गायनासाठी वापरल्या जाणाऱ्या स्वरखुणांशी तिचे साम्य दिसते.

अवतरणचिन्हाची कुळकथाही अशीच आहे. ग्रीक विद्वान ग्रंथाच्या समासात लक्षवेधी ओळींपुढे बाणाच्या टोकासारखी खूण करीत. ख्रिस्ती लेखनिकांनी ती पवित्र शास्त्रातील वचने दाखवण्यासाठी वापरली. सातव्या शतकाच्या आरंभी सेव्हिलचे संत इसिदोर यांनी तिची तशी नोंदही केली आहे. पुढे छपाईच्या काळात ही खूण समासातून ओळीत आली आणि अठराव्या शतकातील इंग्रजी कादंबऱ्यांनी पात्रांच्या संवादांसाठी तिचा उपयोग रूढ केला. हे शब्द माझे नव्हेत, दुसऱ्याचे आहेत, ही कबुली देण्याचे तिचे मूळ काम मात्र तसेच राहिले.

हस्तलिखितांच्या युगात प्रत्येक मठाची रीत निराळी असे. छापखान्याने चिन्हांना स्थिर रूप दिले. व्हेनिस येथील मुद्रक आल्डस मॅन्युशियस याने इ. स. १४९५-९६ मध्ये पिएत्रो बेम्बो याचे एटना ज्वालामुखीवरील छोटे पुस्तक छापले. आजच्या रूपातील अर्धविराम छापील पानावर प्रथम अवतरला तो तेथे. हाच बेम्बो पुढे इ. स. १५३९ मध्ये कार्डिनल झाला. आल्डसच्या त्याच नावाच्या नातवाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात विरामचिन्हांवर लिहिताना त्यांचे मुख्य काम वाक्याची रचना उलगडणे हे होय, असे मत मांडले. इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टनने इ. स. १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. तेव्हा स्वल्पविरामाच्या जागी तिरकी रेघ वापरली जाई. सोळाव्या शतकात ती आखूड होत आजच्या बाकदार चिन्हात विलीन झाली.

तरीही इंग्लंडमधील शिक्षक विरामाचा विचार दीर्घकाळ श्वासाच्याच मापाने करीत राहिले. इ. स. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ यांनी इंग्रजीचे छोटे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांत अर्धविराम स्वल्पविरामाच्या दुप्पट, अपूर्णविराम अर्धविरामाच्या दुप्पट आणि पूर्णविराम त्याच्याही दुप्पट, असा हिशेब देऊन त्याची तुलना संगीतातील स्वरांच्या मात्रांशी केली आहे. इ. स. १७९५ मध्ये लिंडली मरे यांच्या व्याकरणाने हाच हिशेब शाळाशाळांत पोहोचवला. मरे हे अमेरिकेतून येऊन यॉर्कजवळ स्थायिक झालेले क्वेकर गृहस्थ, आणि त्यांनी ते पुस्तक यॉर्कमधील एका मुलींच्या शाळेसाठी लिहिले होते. अल्क्विनच्याच गावी, हजार वर्षांनंतर, त्याचीच चिंता नव्या रूपाने पुन्हा लिहिली गेली. आपल्या मुलांना आजही सांगितला जाणारा ‘एक, दोन, चार’चा नियम हा या हिशेबाचा वंशज होय.

परंतु याच सुमारास वाचनाची रीत पालटत होती. वर्तमानपत्रे, कादंबऱ्या व पत्रव्यवहार वाढला. माणसे एकट्याने आणि मनातल्या मनात वाचू लागली. डोळ्याला श्वास घ्यावा लागत नाही. त्याला वाक्याची बांधणी दिसावी लागते. त्यामुळे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत इंग्रजी विरामचिन्हे हळूहळू व्याकरणाच्या स्वाधीन झाली. इ. स. १९०६ मध्ये फाउलर बंधूंच्या ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात विरामचिन्हांवर सविस्तर चर्चा आली. कोठे थांबावेसे वाटते, यापेक्षा कोणता शब्द कोणाशी जोडलेला आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही, याची साक्ष न्यायालये देतात. आयरिश स्वातंत्र्यवादी सर रॉजर केसमेंट यांच्यावर इ. स. १९१६ मध्ये लंडन येथे राजद्रोहाचा खटला चालला. त्यांनी जर्मनीत राहून आयरिश युद्धकैद्यांना इंग्लंडविरुद्ध उभे करण्याचा प्रयत्न केला, असा आरोप होता. खटल्याचा आधार इ. स. १३५१ चा, नॉर्मन फ्रेंच भाषेतील कायदा. त्यातील ‘अथवा अन्यत्र’ हे शब्द फक्त लगतच्या पोटवाक्याला लागू आहेत, की आधीच्या शब्दांनाही, यावर वाद झाला. पहिला अर्थ धरला तर परदेशातील कृत्य त्या कलमात बसत नव्हते. अपिलाच्या वेळी न्यायाधीशांपैकी दोघांनी अभिलेखागारात जाऊन मूळ पट व त्यावरील खुणा तपासल्या. अपील फेटाळले गेले आणि ३ ऑगस्ट १९१६ रोजी केसमेंट यांना फाशी झाली. मृत्यूपूर्वी त्यांना कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकारण्यात आले होते. निकालामागे जुन्या कायदेपंडितांची मतेही होती, म्हणून केवळ एका खुणेने त्यांचा जीव घेतला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि ‘स्वल्पविरामावर फाशी’ हे शब्द त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील मेन राज्याचे आहे. तेथील जादा वेळेच्या वेतनाच्या कायद्यात, ज्यांना असे वेतन लागू नव्हते अशा कामांची यादी होती. यादीच्या अखेरीस माल ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणे’ असे एकच काम आहे, की ‘बांधणे’ आणि ‘वितरण’ अशी दोन कामे आहेत, हे कळत नव्हते, कारण शेवटच्या ‘ऑर’ या अव्ययापूर्वी स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी सांगितले, की आम्ही वितरण करतो, बांधणी करीत नाही. म्हणून आम्हांला जादा वेतन मिळाले पाहिजे. इ. स. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्या संदिग्धतेचा लाभ चालकांना दिला आणि पुढील वर्षी पन्नास लाख डॉलरांवर तडजोड झाली. कायदेमंडळाने मग ती यादी अर्धविराम घालून नव्याने लिहिली. कष्टकऱ्याच्या घामाचा मोबदला एका चिन्हाच्या जागेवर अवलंबून होता!

आपल्या मराठीची कथा याहून वेगळी आहे. आपले जुने वाङ्मय बहुतांशी पद्यात. ओवीचा चरण हाच तिचा विराम आणि दंड ही पुरेशी खूण. पोथ्यांत शब्द सलग लिहिले जात, तर मोडी लिपीतील बखरी व पत्रे यांत लेखणी शक्यतो न उचलता मजकूर वाहत जाई. छापील गद्य सुरू झाल्यावर अडचण जाणवू लागली. ती दूर करून इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या कामात त्यांनी साहाय्य केले आणि इ. स. १८४७ मध्ये स्वतः इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध केला. लॅटिन परकी असलेल्या आयरिश साधूंनी लॅटिनला जी सेवा दिली, तीच मराठी परकी असलेल्या या इंग्रजाने मराठीला दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

चिन्हे इंग्रजीतून आली, तरी त्यांच्या मागचे सगळे नियम आले नाहीत. आपल्या मुलांचा घोटाळा होतो तो येथेच. मराठीत ‘पाऊस आला, आम्ही घरी परतलो’ असे दोन स्वतंत्र वाक्यांमध्ये स्वल्पविराम घालून लिहिता येते. इंग्रजीत तो चालत नाही. तेथे पूर्णविराम किंवा अर्धविराम द्यावा लागतो, अथवा स्वल्पविरामाबरोबर ‘अँड’, ‘बट’ यांसारखे अव्यय घ्यावे लागते. मराठीत ‘तो म्हणाला, की’ असा विराम अनेक लेखक घेतात. इंग्रजीत ‘ही सेड दॅट’ यामध्ये स्वल्पविराम येत नाही, कारण क्रियापद व त्याचे कर्म यांची ताटातूट करावयाची नसते. लांबलचक कर्त्यानंतर श्वास घ्यावासा वाटला, तरी त्याच्या व क्रियापदाच्या मध्ये एकटा स्वल्पविराम नको.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन वसई इज अ टीचर’ हे वाक्य विरामाशिवाय लिहिले, तर वक्त्याला अनेक भाऊ आहेत आणि त्यांपैकी वसईचा भाऊ शिक्षक आहे, असे सूचित होते. ‘हू लिव्ज इन वसई’ या शब्दांच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले, तर भाऊ एकच आणि त्याच्या गावाची माहिती जाता जाता दिलेली, असा अर्थ होतो. आपल्या ‘जो-तो’च्या वाक्यरचनेत हा भेद चिन्हाने दाखवण्याची रूढी नाही. म्हणून हे दोन स्वल्पविराम मुलांना निरर्थक वाटतात. पण त्यांवर एका कुटुंबातील भावांची संख्या ठरते.

चौथी गोष्ट लोपचिन्हाची, म्हणजेच अ‍ॅपॉस्ट्रॉफीची. गाळलेल्या अक्षराची ती खूण. जुन्या इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठीचा प्रत्यय ‘एस’ या अक्षरापूर्वी स्वर घेऊन येई. तो स्वर गळाला आणि पुढे त्याच्या जागी हे चिन्ह बसले. ‘इट इज’ यांचा संक्षेप ‘इट्स’ होतो तेव्हा एक अक्षर गळते, म्हणून चिन्ह हवे. ‘त्याचे’ या अर्थाचे ‘इट्स’ मात्र ‘हिज’ आणि ‘हर’ यांच्या पंक्तीतले सर्वनाम आहे. त्याला चिन्ह नको. आपल्याकडे चा-ची-चे हे काम करतात, म्हणून हा घोटाळा आपल्या अंगवळणी पडतो. त्यामागील इतिहास एकदा सांगितला, तर मुले सहसा विसरत नाहीत.

म्हणून घरी मुलांना शिकवताना दोन्ही युगांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा, असे आम्हांला वाटते. मोठ्याने वाचताना चिन्हाला मान देऊन थांबावे. लिहिताना मात्र ‘मला दम कोठे लागला?’ असे न विचारता ‘कोणता शब्द कोणाचा?’ असे विचारावे. मिस्सेत पहिले वाचन करणाऱ्या तरुणांना तर हे दुहेरी भान हवेच, मग वाचन मराठीत असो वा इंग्रजीत. आदल्या रात्री उतारा एकदा मनात वाचून त्याची बांधणी समजून घ्यावी आणि मग तो मोठ्याने वाचावा. ऑगस्टिन, जेरोम, आयरिश बांधव व अल्क्विन यांनी जे ठिपके आणि ज्या मोकळ्या जागा आपल्या हाती दिल्या, त्या मागच्या बाकावर बसलेल्या, पुस्तक न पाहणाऱ्या श्रोत्यालाही अर्थ नीट पोहोचावा यासाठीच दिल्या आहेत.